बाबा म्हणतात ‘आता बास’, आणि घरात कायद्यावरून भांडण

पत्र:

ताई, आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. सासरे ८३ वर्षांचे, २००९ ला सासूबाईंबरोबर इकडे आले, आता ब्रिटिश सिटिझन आहेत, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबांचा प्रोस्टेट कॅन्सर हाडांत पसरलाय, डॉक्टर म्हणाले आता वर्षांचा नाही, महिन्यांचा हिशोब धरा. मी नोकरी तीन दिवसांवर आणलीय. असिस्टेड डायिंगच्या, म्हणजे मरायला डॉक्टरांची मदत घेऊ देणाऱ्या बिलाची बातमी यूट्यूबवर बघितल्यापासून बाबा रोज विचारतात, झाला का तो कायदा, मला पण घेऊ देत की, किती दिवस तुमच्यावर भार टाकू. नवरा भडकतो, त्याच्या मते हा म्हाताऱ्यांना संपवायचा परवाना आहे. मला वाटतं माणसाला सुटायचा हक्क पाहिजे. यावरून रोज भांडणं. पुण्याची नणंद म्हणते इंडियात पण आता इच्छामरण आलंय, तुमच्याकडेच एवढा वाद कशाला. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितली नाहीये. मागच्या अपॉइंटमेंटला बाबा डॉक्टरांना मराठीत म्हणाले, “आता बास करा, मला नको हे.” नवरा त्यांचं बोलणं इंग्लिशमध्ये सांगत होता, त्याने ते वाक्य सांगितलंच नाही, नुसतं म्हणाला ते दमलेत. मी गप्प बसले. ताई, हा कायदा सेफ आहे का, आणि मी काय करू?
— एक सून

उत्तर:

अगं, आधी ती गोष्ट सांगते जी बाबांना कुणीतरी सरळ सांगायला हवी होती. हा कायदा त्यांच्यासाठी वेळेत येणार नाहीये. बिल पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, पास झालं २० जून २०२५ ला, ३१४ विरुद्ध २९१, म्हणजे फक्त २३ मतांनी, पण कॉमन्समध्ये पास झालं म्हणजे कायदा झाला असं होत नाही, ते पुढे वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, गेलं आणि तिथे त्याला हजाराच्या वर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. आणि समजा सगळं पार पडून राजाची संमती मिळाली असं धरलं तरी कॉमन्सने पाठवलेल्या मसुद्यात अंमलबजावणीला चार वर्षांपर्यंतची मुदत आहे, आधी दोन होती ती कमिटीत वाढवली. ज्या माणसाला डॉक्टर महिने सांगतायत त्याच्या हाती यातलं काहीच लागणार नाही. हे बाबांना माहीत नाहीये. ते रोज विचारतात आणि तुम्ही दोघं त्यांच्यासमोर बाजू घेऊन भांडता, त्यामुळे त्यांची अशी समजूत झालीय की सुटका अगदी जवळ आहे आणि मुलगाच ती अडवतोय.

आता ते डॉक्टरांना काय म्हणाले ते परत वाच. “आता बास करा, मला नको हे.” मला मरण द्या असं ते म्हणाले नाहीत. हे नको म्हणाले. हे म्हणजे काय? इंजेक्शनं? सारखे स्कॅन? हॉस्पिटलच्या खेपा आणि तिथल्या खुर्च्यांवर बसून राहणं? कुणालाच कळलं नाही कारण विचारलंच गेलं नाही. आणि उपचार नको म्हणायला इंग्लंडमध्ये कुठलाही नवीन कायदा लागत नाही गं, निर्णय घ्यायची क्षमता शाबूत असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो हक्क आजही आहे, डॉक्टरांना पटो न पटो. म्हणजे बघ, ज्या कायद्यावरून तुम्ही भांडताय तो बाबांना मिळणार नाही, आणि जे त्यांना आज मिळू शकतं ते मागणारं वाक्य त्या खोलीत डॉक्टरांपर्यंत पोचलंच नाही.

तुझ्या नवऱ्याला मी वाईट ठरवत नाहीये. बापाच्या तोंडून ‘बास’ ऐकायचं आणि ते लगेच आपल्या तोंडाने इंग्लिशमध्ये डॉक्टरला सांगायचं, कुठल्या मुलाला जमेल हे? मी इथल्या हॉस्पिटलांत सोशल वर्कर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, आणि गुजराती, पंजाबी, तमिळ, मराठी सगळ्या घरांत हे बघितलंय, मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांना जे सहन होत नाही तेवढं त्यांच्या तोंडून बाहेर येत नाही, बस. म्हणूनच घरच्या माणसाने असल्या बोलण्यात मध्ये बसू नये असं मी नेहमी सांगते. त्यावर पुढे येतेच.

आता तुझा मूळ प्रश्न, सेफ आहे का. बाबांनी अर्ज केला असता तर काय काय झालं असतं ते सांगते, म्हणजे नवरा म्हणतो तितकं ते सोपं आहे का हेही कळेल. वय १८ च्या वर, इंग्लंड किंवा वेल्सचा रहिवासी, जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरकडे) किमान १२ महिने नाव नोंदलेलं, आणि बरा न होणारा आजार ज्यात सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल अशी अपेक्षा. निर्णयाची क्षमता हवी, आणि इच्छा स्वतःची, ठाम, कुणाच्या दबावाशिवायची. एका डॉक्टरने तपासायचं, मग किमान सात दिवस थांबायचं, मग दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने तपासायचं, मग एका पॅनलपुढे प्रकरण जाणार, त्यांनी मंजुरी दिली की पुन्हा १४ दिवस थांबायचं (महिन्याच्या आत मृत्यू येईल असं वाटत असेल तर ४८ तास), मग दुसऱ्यांदा लेखी इच्छा सांगायची, आणि शेवटी औषध स्वतःच्या हाताने घ्यायचं, डॉक्टरने द्यायचं नाही. कुठल्याही टप्प्यावर नको म्हणता येतं. कुणी दबाव टाकून किंवा फसवून अर्ज करायला लावला तर १४ वर्षांपर्यंत तुरुंगवास. डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या वतीने मुलांनी ठरवायचं वगैरे यात नाही, पॉवर ऑफ अटर्नी असली तरी नाही, आणि नुसतं अपंगत्व किंवा नुसता मानसिक आजार असेल तर त्यावरूनही पात्र ठरत नाही. तेव्हा म्हाताऱ्यांना संपवायचा परवाना हे काही खरं नाही, आणि हे नवऱ्याला शांतपणे दाखवता येईल.

पण म्हणून विरोध करणारे सगळे धर्मवेडे किंवा जुन्या विचारांचे आहेत असंही तू धरू नकोस, कारण त्यांचे काही मुद्दे खरंच जड आहेत. हे बिल किम लेडबीटर या लेबरच्या खासदारांचं, सरकारचं नाही, त्यामुळे पक्षाचा व्हिप नव्हता, प्रत्येकाने आपल्या मनाने मत दिलं, पंतप्रधान स्टार्मर यांनी बाजूने दिलं तर त्यांच्याच सरकारचे हेल्थ सेक्रेटरी वेस स्ट्रीटिंग यांनी विरोधात. नोव्हेंबर २०२४ ला पहिल्या मोठ्या मतदानात ३३० विरुद्ध २७५ होतं, म्हणजे ५५ ची आघाडी, ती सात महिन्यांत २३ वर आली. आणि मत बदललेल्यांत काही जण असे होते की ज्यांना कल्पना मान्य होती पण सेफगार्ड्सवरून त्यांचा विश्वास उडाला.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे जजचं. नोव्हेंबरात खासदारांना सांगितलं होतं की प्रत्येक अर्ज हायकोर्टाचा जज बघेल, त्यामुळे जगातला सगळ्यात कडक कायदा. मग कमिटीत ते बदललं, कारण कोर्टांना तो भार पेलवणार नाही हे स्पष्ट झालं, आणि जजच्या जागी तीन जणांचं पॅनल आलं, एक ज्येष्ठ वकील किंवा माजी जज, एक सायकियाट्रिस्ट, एक सोशल वर्कर. मला स्वतःला विचारशील तर पॅनल वाईट नाही, उलट माणूस ओळखायची सवय सोशल वर्करला जजपेक्षा जास्त असते. पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सनेच मे २०२५ मध्ये सांगितलं की आत्ता आहे त्या स्वरूपात आम्ही या बिलाला पाठिंबा देऊ शकत नाही, आणि त्यांच्या कारणांत हेही होतं की हे काम करायला तेवढे सायकियाट्रिस्ट आहेत कुठे. आणि दुसरं, पॅनलने नाही म्हटलं तर अर्जदाराला फेरविचार मागता येतो, पण पॅनलने हो म्हटलं आणि एखाद्या मुलीला ठाऊक आहे की आईवर भावाचा दबाव आहे, तर तिला त्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची सोय नाही. घरच्यांचं ऐकलंच पाहिजे असं बंधनही पॅनलवर नाही. यावर बिलाच्या बाजूचे म्हणतात की घरच्यांना व्हेटो दिला तर सगळे निर्णय घरचेच घेतील, आणि तेही खरंच आहे, तुझ्याच घराचं बघ ना. पण व्हेटो देणं आणि ऐकून घेणं यात फरक आहे की नाही?

क्षमतेचा मुद्दा थोडक्यात सांगते. २००५ च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टची कसोटी वापरायची असं बिलात आहे, म्हणजे माहिती समजली का, लक्षात राहिली का, तिचा विचार करता आला का, आणि निर्णय सांगता आला का. ती कसोटी उपचार, पैसा, राहण्याची जागा असल्या निर्णयांसाठी रोज वापरतात आणि तिथे ती चांगली आहे, पण नैराश्यात बुडालेला माणूसही या चारही गोष्टी नीट करू शकतो, म्हणून सायकियाट्रिस्ट काळजीत आहेत. आणि सहा महिन्यांचा अंदाज, तो तर कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, आठवडे सांगितलेले वर्षभर जगलेले आणि वर्ष सांगितलेले पंधरा दिवसांत गेलेले, दोन्ही प्रकारची माणसं मी बघितली आहेत.

आता खरी अडचणीची जागा. दबाव म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर कुणीतरी दुष्ट माणूस येतो, घरावर डोळा असलेला मुलगा, छळणारी सून. तो असतो, आणि त्याच्यासाठी १४ वर्षं शिक्षा ठेवली हे योग्यच. पण बाबांचं बघ. त्यांच्यावर कोण दबाव टाकतंय? कुणीच नाही. तू नोकरी कमी केलीस, रात्री उठतेस, त्यांना अंघोळ घालायला नवरा वाकतो तेव्हा त्याची पाठ धरते हे ते बघतात, आणि आयुष्यभर दुसऱ्यासाठी करत आलेल्या माणसाला हे बघवत नाही. पॅनलने विचारलं असतं तर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, कुणी काही म्हणालं नाही हो, माझीच इच्छा. आणि ते खरंच असतं. अशा माणसाला कुठलं सेफगार्ड पकडणार?

हा प्रश्न कॉमन्समध्ये आला होता. एक दुरुस्ती आणली गेली होती की ज्याची इच्छा मुख्यतः मी भार होतोय या भावनेतून, किंवा पैशाच्या चिंतेतून, किंवा सेवा मिळत नाहीत म्हणून आलेली आहे तो पात्र ठरू नये. ती पडली. (नाझ शाह या ब्रॅडफर्डच्या खासदारांची दुसरी एक, की केवळ खाणंपिणं सोडून कुणी स्वतःला मरणाच्या दारात नेलं तर ते धरू नये, ती मतदान न होता स्वीकारली गेली.) पाडणाऱ्यांचं म्हणणं असं की माणसाचं मन असं चिरून बघता येत नाही, मुलांना त्रास नको हे पण आईबापाचं प्रेमच असतं, ते मनात असलं म्हणून त्याचा हक्क का काढायचा. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९९७ पासून असा कायदा लागू आहे, तिथे दरवर्षी रिपोर्ट निघतो, त्यात डॉक्टर लिहितात की पेशंटला कशाची काळजी होती. वेदना वरच्या नंबरला नाहीत. सगळ्यात वर येतं ते स्वतःच्या आयुष्यावर ताबा न राहणं आणि आवडीच्या गोष्टी करता न येणं, आणि अलीकडच्या वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांच्या बाबतीत घरच्यांवर भार होण्याची काळजी पण नोंदवलेली आहे. एका माणसाची अनेक कारणं असतात म्हणून ते आकडे एकात एक मिसळलेले आहेत, पण चाळीस टक्के म्हणजे दुर्लक्ष करायची गोष्ट नाही.

मी असते तर त्या दुरुस्तीला मत दिलं असतं का, यावर मी खूप विचार केलाय आणि माझं उत्तर नाही असं आहे, पण पाडणाऱ्यांच्या कारणासाठी नाही. भार वाटतो म्हणशील तर अपात्र, असं लिहिलं की काय होणार? लोक ते बोलायचं बंद करतील. बाबांसारखा माणूस पॅनलपुढे भार हा विषयच काढणार नाही, दुखतंय म्हणेल, आणि ज्या एका वाक्यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते कळलं असतं ते वाक्यच गायब होईल. मला हवंय ते उलटं, की डॉक्टरने आणि पॅनलने का असं विचारलंच पाहिजे, उत्तर लिहून ठेवलंच पाहिजे, आणि उत्तरात भार किंवा पैसा किंवा एकटेपणा आला तर त्यावर आधी काय मदत देऊ केली तेही लिहिलं पाहिजे, केअरर पाठवला का, सुनेला सुट्टी मिळेल अशी हॉस्पिसमध्ये (शेवटच्या आजारात सांभाळणाऱ्या जागी) आठवडाभराची सोय केली का. इतकं करूनही माणूस हेच मागत असेल तर मग त्याचा तो निर्णय, आणि तो मानावा असं मला मनापासून वाटतं. अशी माणसंही मी पाहिली आहेत, वेदना आटोक्यात, घरचे प्रेमळ, काही कमी नाही, आणि तरी शांतपणे म्हणणारी की मला हे शेवटचे आठवडे असे नकोत. त्यांना काय उत्तर द्यायचं हे आजच्या कायद्याकडे नाही. १९६१ च्या सुइसाइड अॅक्टप्रमाणे मदत करणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे ज्याच्याकडे पैसे आहेत तो स्वित्झर्लंडला जातो, तेही अंगात प्रवासाचं बळ आहे तोवर, म्हणजे गरजेच्या आधीच, आणि ज्याच्याकडे नाहीत तो इथेच राहतो. (तुम्ही दोघं त्या वाटेचा विचारही करू नका, सोबत जाणाऱ्याचीही पोलिस चौकशी होऊ शकते.) म्हणून मी कायद्याच्या बाजूची आहे. पण आहे त्या मसुद्यावर डोळे मिटून सही करणारी नाही.

आणि जी मदत देऊ करायची म्हणतेय ती आहे कुठे, हा विरोधकांचा सगळ्यात खरा मुद्दा. इंग्लंडमध्ये हॉस्पिस चालतात ते बऱ्याच अंशी लोकांच्या देणग्यांवर, चॅरिटी शॉप्सवर, सरकारकडून येतो तो साधारण तिसरा हिस्सा. मरायची सोय एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, फुकट करणार आणि नीट सांभाळून घ्यायची सोय जुन्या कपड्यांच्या विक्रीवर चालणार, हे मला बघवत नाही, आणि ज्यांनी या कारणाने विरोधात मत दिलं त्यांचा मला आदर आहे.

कॅनडाची भीती नवरा घालत असेल. तिथे २०१६ ला कायदा आला तेव्हा मृत्यू जवळ आलेल्यांपुरता होता, मग क्विबेकच्या कोर्टाच्या निकालानंतर २०२१ ला ती अट काढली, आणि २०२३ ला तिथल्या एकूण मृत्यूंपैकी ४.७ टक्के असे झाले. ऑरेगनमध्ये एवढ्या वर्षांत सहा महिन्यांची अट तशीच आहे. इंग्लंडचं बिल ऑरेगनच्या वळणाचं आहे. पुढे काय होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही, पण दोन्ही उदाहरणं खरी आहेत, नवऱ्याने एकच सांगू नये आणि तूही एकच सांगू नकोस.

आता घर. बाबांना खरं सांग की कायदा झालेला नाही आणि झाला तरी वर्षं लागतील. हे नवऱ्याने सांगितलं तर जास्त चांगलं, भांडणाच्या सुरात नाही, त्यांच्याजवळ बसून. आणि मग त्यांना विचार, बाबा, त्या दिवशी डॉक्टरांना तुम्ही बास म्हणालात ते कशाला? सगळ्यात जास्त काय नको झालंय? उत्तर काहीही येऊ शकतं. रात्री दुखतं पण तुम्हाला उठवायला नको म्हणून गप्प पडून राहतो, असं असेल. हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यावर रेडिओथेरपीचा एखादा डोसही बऱ्याच जणांना आराम देतो, मॉर्फिनचं प्रमाण बदलता येतं, गिळता येत नसेल तर सिरिंज ड्रायव्हर (कातडीखालून हळूहळू औषध देणारा छोटा पंप) लावतात, पण दुखतंय हे कळलं तर. घरच्यांकडून अंघोळीची मदत घ्यायची लाज वाटते असंही असेल, मग त्यासाठी केअरर मागता येतो. भाराचं बोलले की पटकन “असं बोलू नका हो बाबा” म्हणून तोंड बंद करू नकोस, आपल्याकडे सगळे तेच करतात आणि त्या माणसाला कळतं की हे बोलायची इथे सोय नाही. त्यापेक्षा खरं सांग, हो, दमते मी, पण तुम्ही नकोसे झालात म्हणून नाही, माणसं कमी पडतायत म्हणून.

आणि माणसं खरंच कमी पडतायत तर मागा ना. जीपीला सांगून कम्युनिटी पॅलिएटिव्ह टीमकडे (घरी येऊन वेदना आणि त्रास कमी करणाऱ्यांकडे) रेफरल झालंय का बघ, नसेल तर या आठवड्यात मागून घे, हॉस्पिसवाले घरी पण येतात, हॉस्पिस म्हणजे फक्त शेवटचे चार दिवस हा आपल्या लोकांचा गैरसमज आहे. डॉक्टर किंवा नर्सकडून एसआरवन फॉर्म भरून घेतला तर अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे देखभाल लागणाऱ्या म्हाताऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता, लवकर आणि वरच्या दराने मिळतो, बारा महिन्यांपेक्षा जास्त जगायची अपेक्षा नसलेल्यांसाठी ती सोय आहे, आणि त्याला घरचं उत्पन्न बघत नाहीत. ते पैसे बाबांच्या नावावर येतात. माझ्या केअररचे पैसे मी देतो, हे म्हणता येण्याने स्वाभिमानी माणसाचा चेहरा बदललेला मी पाहिलाय. आणि बाबांना उपचारांचं ठरवायचं असेल तर आत्ताच अॅडव्हान्स डिसिजन (पुढे कुठले उपचार नकोत त्याचा कागद) लिहून ठेवा, जीव वाचवणारे उपचार नको असतील तर ते लेखी हवं, सही हवी, साक्षीदार हवा, आणि जीव धोक्यात असला तरी हे लागू आहे असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. बोलता येत नाही अशी वेळ आली की मग पुन्हा तुझ्या नवऱ्यावर सगळं येईल, आणि त्याला काय अवघड जातं ते तू बघितलंयस.

एक मात्र लक्षात ठेव. बाबा नुसतं बास म्हणतायत का स्वतःला काही करून घ्यायचं बोलतायत, औषधं साठवतायत, यात फरक आहे. दुसरं वाटलं तर त्याच दिवशी जीपीला किंवा एनएचएसच्या १११ ला फोन, आणि औषधं तुमच्या ताब्यात. आजारपणातलं नैराश्य बरं करता येतं, कॅन्सर बरा होत नसला तरी. तुला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर समॅरिटन्स या हेल्पलाइनवाले ११६ १२३ वर दिवसरात्र असतात.

नणंदेला सांग की इंडियात आलंय ते वेगळं आहे. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने उपचार थांबवायला आणि लिव्हिंग विलला (पुढे कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली, २०२३ ला त्याची प्रक्रिया सोपी केली, आता नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरपुढे करता येतं, गोव्यात तर २०२४ ला मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतः पहिलं लिव्हिंग विल नोंदवलं. केईएमच्या अरुणा शानबागच्या केसमधून २०११ ला तिथे पहिल्यांदा वाट निघाली, आणि तेव्हाही वर्षानुवर्षं तिची सेवा करणाऱ्या नर्सेस म्हणाल्या होत्या की तिला जगू दे. पण मरण्यासाठी औषध देणं तिथेही गुन्हाच आहे. तिकडे जे नवीन आलंय ते इथे आधीपासून आहे, आणि इथे ज्यावर वाद चाललाय ते तिकडे नाहीच.

नवऱ्याने गाळलेलं ते वाक्य तू चारचौघांत काढू नकोस. त्याला एकट्याला सांग, त्या दिवशी तू ते गाळलंस, मी पण गप्प बसले, आता पुढच्या वेळी आपण दोघांनीही मध्ये बसायचं नाही. त्याला सुटल्यासारखंच वाटेल बघ. एनएचएसमध्ये इंटरप्रिटर (दुभाषा) मागायचा हक्क आहे, फुकट असतो, मराठीचा मिळतो, फोनवर किंवा व्हिडिओवर तरी मिळतोच, आणि या बिलातसुद्धा डॉक्टरने बोलायच्या आधी भाषेची अडचण दूर करावी, इंटरप्रिटर घ्यावा, हे कमिटीत मुद्दाम घातलं गेलं, म्हणजे आपल्यासारख्या घरांचा विचार कुणीतरी केला होता. तुम्ही दोघं खोलीत असा, हात धरा, पण बोलणं बाबांचं आणि डॉक्टरांचं होऊ दे, आणि दहा मिनिटं तरी बाबांना डॉक्टरांशी एकटं बोलू दे. उद्या सकाळी क्लिनिकला फोन करून मराठी इंटरप्रिटर आणि डबल अपॉइंटमेंट दोन्ही माग, नोंद कुणी घेतली त्याचं नाव लिहून ठेव, आणि आदल्या दिवशी परत फोन करून बुक झालाय का ते विचार, कारण बऱ्याचदा राहून जातं.